नववीच्या चित्रकलेच्या तासाला कुंभाराचं चाक: माती, वेळ आणि भाजणी कशी बसवायची?

कलाशिक्षक_तासगाव

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यातली माध्यमिक शाळा, नववीचा एक वर्ग, ४२ मुलं-मुली. चित्रकलेचे आठवड्याला दोन तास आहेत. शनिवारी ते जोडून मिळतील, म्हणजे सलग ७० मिनिटं. विजेवर चालणारी दोन चाकं आली आहेत. शाळेत भट्टी नाही आणि लगेच होईल असंही नाही.

तलावातला काळा गाळ आणून चार पणत्या चाकावर काढून पाहिल्या. वळायला माती छान, पण दुसऱ्या दिवशी चारही पणत्यांना काठापासून खाली तडे. विकतची तयार माती दरवर्षी परवडणार नाही. तेव्हा इथल्याच मातीचं काय करावं? दोन चाकांवर ४२ मुलं कशी बसवावीत, की प्रत्येकाच्या हाताला खरंच चाक लागेल? आणि भाजणीचं काय? चाकाची ओळख ही एका दिवसाच्या प्रात्यक्षिकापुरती राहू नये, एवढी इच्छा आहे.

मातीपारख_कराड

सर, तडे गेले यात तुमच्या हाताचा दोष नाही, मातीचाच गुण आहे तो. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तेच पणतीत छोट्या प्रमाणात घडलं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना तितकीच आवळते. काठ पातळ, म्हणून तो आधी सुकतो. बूड अजून ओलं असतं, ते आवळायला तयार नसतं. त्या ओढाताणीत काठ फाटतो.

नुसता गाळ वापरू नका, त्यात न आवळणारं काहीतरी घाला. पश्चिमेकडची तांबडी माती, म्हणजे पाटण-महाबळेश्वरच्या बाजूची, मिळाली तर उत्तम. ती एकटी चाकावर नीट उभी राहत नाही, पण गाळात मिसळली की तडे कमी होतात आणि भाजल्यावर रंगही खुलतो. सोबत बारीक वाळू किंवा भाजक्या विटेचा चाळलेला चुरा. कोरड्या मापाने, एकाच डब्याने मोजून तीन मिश्रणं करा: गाळ ८ तांबडी २; गाळ ६ तांबडी ३ चुरा १; गाळ ५ तांबडी ४ चुरा १. बहुतेक मधलं बसेल, पण तुमच्या तलावाचा गाळ माझ्या तलावासारखा नसणार, म्हणून परीक्षा करूनच ठरवा.

परीक्षा दोन. पहिली वळीची: पेन्सिलीएवढी जाड वळी करून बोटाभोवती गुंडाळा. बारीक चिरा पडल्या तर चालेल, तुटली तर तांबडी किंवा चुरा जास्त झाला. दुसरी आकसण्याची: १४ सें.मी. लांब, ४ सें.मी. रुंद, १ सें.मी. जाड पट्टी करा आणि ओली असतानाच तिच्यावर बरोबर १० सें.मी.ची रेघ टोकदार खिळ्याने ओढा. सावलीत पूर्ण सुकल्यावर रेघ मोजा. ९.४ भरली तर ६ टक्के आकसली, माती चांगली. ९ च्या खाली गेली तर तडे जाणारच, चुरा वाढवा. ही पट्टी पुढे भाजून पुन्हा मोजा. त्यामुळे मुलांना टक्केवारीही कळते आणि १० सें.मी.चं भांडं भाजून किती उरेल तेही.

आता तयार करण्याबद्दल. माती आधी कडकडीत वाळवून फोडा. अर्धवट ओली ढेकळं पाण्यात टाकली तर आठवडाभर तशीच राहतात. पूर्ण वाळलेली माती मात्र पाण्यात पडल्या पडल्या विरघळायला लागते. २०० लिटरच्या पिंपात ६० किलो कोरडी माती आणि साधारण १०० लिटर पाणी. दोन-तीन दिवस भिजू द्या, दिवसातून एकदा काठीने ढवळा, वर तरंगणारा काडीकचरा काढून टाका. मग तो पातळ रबडा ४० मेशच्या चाळणीतून गाळा, म्हणजे इंचाला चाळीस छिद्रांची चाळणी. हे टाळू नका. आपल्या पूर्वेकडच्या काळ्या रानात चुनखडीचे खडे सर्रास असतात आणि ते पुढे भाजणीनंतर दगा देतात.

गाळलेला रबडा एक रात्र स्थिर ठेवला की वर स्वच्छ पाणी येतं, ते काढून घ्या. खालचा गाळ विटांवर अंथरलेल्या जुन्या चादरीवर पसरा. हाताला चिकटायचा थांबला की गोळे करून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि निदान दोन आठवडे मुरू द्या. मुरलेली माती आणि ताजी माती यांतला फरक मुलांनाही पहिल्या मिनिटात कळतो. ताजी माती ओढताना तुटते.

हिशोब: प्रत्येकी ४०० ग्रॅमचे तीन गोळे धरले तर ४२ मुलांना ५० किलो ओली माती. वरच्या मापातून खडे-गोटे वजा जाऊन ६०-६५ किलो निघेल. चाकावर बिघडलेली सगळी माती परत पिंपात जाते, त्यामुळे वर्षभर पुरते. फक्त भाजलेला तुकडा त्यात पडता कामा नये.

वीटभट्टीवरची तयार कालवलेली माती आणायचा मोह होईल, ती आणू नका. तिच्यात राख, भुसा, बगॅस म्हणजे उसाचा चोथा मिसळलेला असतो. विटेला तो हवाच असतो, पण चाकावर बोटं सोलून निघतात.

चाकवाली_सांगली

सर, ७० मिनिटांतली १५ मांडामांड आणि धुण्यात जातात. हातात उरतात ५५. हे आधी मान्य करा, मग वेळापत्रक बसतं.

पहिले दोन शनिवार मुलांना स्वतः गोळा सेंटर करायला, म्हणजे फिरत्या चाकाच्या बरोबर मध्यावर आणायला, लावूच नका. कुंभार जसं मोठ्या गोळ्यावरून एकामागून एक पणत्या काढतो तसं करा. ४ किलोचा गोळा तुम्ही चाकावर शंकूसारखा बसवायचा, त्याचा वरचा मुठीएवढा भाग तुम्हीच सेंटर करून द्यायचा. मुलाने फक्त अंगठ्याने खळगा करायचा, दोन बोटांच्या चिमटीत काठ वर आणायचा आणि दोऱ्याने कापायचं. एका मुलाला चार मिनिटं. एका चाकावर १३, दोन्हींवर २६. दोन शनिवारांत अख्खा वर्ग होतो आणि प्रत्येकाच्या हातात पणती असते. दुसऱ्या चाकावर बसवायला सेंटर करता येणारं माणूस लागेल, नाहीतर तुमची धावपळ होईल आणि दोन शनिवारांचे तीन होतील.

तिसऱ्या शनिवारपासून ४०० ग्रॅमचा स्वतंत्र गोळा. इथे एका मुलाला १२ मिनिटं लागतात, म्हणजे तासाला आठ, फार तर नऊ मुलं. वर्गाचे पाच गट करा. एक गट चाकावर, एक माती मळायला, एक वळ्या आणि थापटीचं काम करायला, एक आधीच्या आठवड्याच्या भांड्यांची बुडं साफ करायला, एक भांड्याच्या उभ्या छेदाची चित्रं काढायला. एका फेरीला पाच शनिवार लागतात. दोन फेऱ्या झाल्या तरी पुष्कळ झालं. तीन फेऱ्यांचं नियोजन करू नका, सहल आणि स्नेहसंमेलन मध्ये येतंच.

किलोभराचे गोळे देऊ नका. मोठा गोळा सेंटर करायला अंगातली ताकद लागते आणि तेरा-चौदा वर्षांचं मूल त्याच्याशी झटापट करत बसतं. ४०० ग्रॅमचं साधारण ८ सें.मी. उंच, ७ सें.मी. रुंद भांडं होतं. तेवढं पुरे.

सेंटर होत नाही त्याची कारणं जवळजवळ नेहमी हीच. कोपर अधांतरी असतं: कोपर मांडीवर किंवा पोटाशी घट्ट टेकलं पाहिजे, नाहीतर गोळाच हाताला हलवतो. माती नीट मळलेली नसते: एका बाजूला घट्ट, एका बाजूला मऊ. चाक फार सावकाश फिरतं: सेंटर करताना मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे, भिंत ओढताना शंभरच्या आसपास, काठ आवरताना त्याहून कमी. आणि सगळ्यात नडणारी गोष्ट म्हणजे हात झटकन सोडणं. गोळा मध्यावर आलेला असतो आणि सोडताना बसलेल्या धक्क्याने पुन्हा हलतो. हात सोडताना हळू, एका फेऱ्याइतका वेळ घेऊन.

खळगा करताना बुडाला ८ मि.मी. माती ठेवा. कळत नसेल तर सुई टोचून बोटाने खूण धरून मोजा. ते भोक आपोआप बुजतं. मग भिंत तीन ओढींत वर आणायची. चौथी ओढ मागू नका, तोवर माती पाणी पिऊन ढिली झालेली असते. बोटं एका फेऱ्याला साधारण एक बोटभर वर चढली पाहिजेत. मुलं घाईने वर नेतात, त्यामुळे भिंतीवर मळसूत्रासारखी जाड-पातळ वळणं उमटतात आणि मग ती पिळवटून बसते.

पाण्याबाबत कडक राहा. एका भांड्याला वाटीभर पाणी, संपलं की संपलं. भांड्यात साठलेलं पाणी स्पंजने टिपायचं. काठ फाटका आला तर सुईने सरळ कापून टाकायचा आणि जुन्या सुती कापडाची ओली पट्टी त्यावर धरून दाबून घ्यायचा.

पहिल्या फेरीतली भांडी ठेवायची नाहीत. तारेने उभी मधोमध कापायची आणि मुलालाच छेद दाखवायचा. बूड कुठे दीड सें.मी. राहिलं, भिंत खाली जाड आणि वर पातळ कशी झाली, ते एका नजरेत कळतं. मुलांना वाईट वाटतं हे खरं, म्हणून हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं आणि पणती तर त्यांच्याकडे आहेच.

विज्ञानशिक्षिका_वाई

मातीपारख यांनी चुनखडीचं लिहिलं, त्याला जोड. प्रयोगशाळेतलं विरल हायड्रोक्लोरिक आम्ल कोरड्या मातीवर दोन थेंब टाका, शिक्षकांनी स्वतः, चष्मा घालून. फसफसलं तर चुना आहे. तो खडा भाजणीत ८००-९०० अंशांना कळीचा चुना होतो. भांडं बाहेर आलं की हवेतली वाफ ओढून फुगतो आणि आठवड्याभरात भिंतीचा टवका उडवतो. टवक्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला की कारण हेच. माती बारीक गाळणं हा खरा उपाय. तरी शंका असेल तर भाजलेली भांडी निवल्याबरोबर काही तास पाण्यात बुडवून ठेवा.

दुसरं, "हवेचा बुडबुडा राहिला म्हणून भांडं फुटलं" असं मुलांना शिकवलं जातं. फोडते ती वाफ. माती वरून सुकलेली दिसते पण जाड बुडात पाणी असतं. १०० अंशांच्या पुढे त्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि बूड उडतं. बुडबुडा असलेलं पण पूर्ण सुकलेलं भांडं सहसा टिकतं. मळणं आवश्यक आहेच, पण ते चाकावर माती एकसारखी राहावी म्हणून. सुकलं की नाही हे पाहायला भांडं गालाला लावा. गार लागलं तर आत अजून ओल आहे.

आणि धूळ. सुकलेली माती झाडूने झाडू नका, सुक्या भांड्यावर पॉलिश-पेपर घासू देऊ नका. मातीतली बारीक सिलिका फुप्फुसात बसते. फरशी ओल्या फडक्यानेच पुसायची, टेबलंही. हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा.

कलाशिक्षक_तासगाव

सर्वांचे मनापासून आभार. गोळ्यावरून पणत्या काढायची युक्ती आज दोन मुलांकडून करून घेतली, पहिल्याच प्रयत्नात जमली. पण कापून ठेवलेल्या पणत्यांपैकी निम्म्यांना सुकताना बुडाला इंग्रजी एस अक्षरासारखी चीर पडली. तो दोष मातीचा की पद्धतीचा? शिवाय, मुलं व्हिडिओ पाहून येतात त्यात चाक घड्याळाच्या उलट फिरतं, आणि गावातले कुंभारमामा सुलट फिरवतात. कुठलं शिकवू?

कुंभारवाडा_मिरज

सर, एस चीर पद्धतीमुळे. स्वतंत्र गोळा चाकावर आपटून बसवता तेव्हा त्याचं बूड दाबलं जातं. मोठ्या गोळ्यावरून काढलेल्या पणतीचं बूड मात्र सैल राहतं, कारण तिथली माती कधी दाबलीच गेलेली नसते. खळगा केल्यावर बोटाने बुडावर काठाकडून मध्याकडे आणि परत, तीन-चार वेळा घट्ट दाबत फिरवा. बुडात पाण्याचा थेंब राहू देऊ नका. कापल्यावर पणती थोडी कडक झाली की उपडी ठेवा, म्हणजे बूड आणि काठ बरोबरीने सुकतील. एवढ्याने चिरा बऱ्याच थांबतात.

दिशेचं सांगतो. आपल्याकडचं काठीने फिरवायचं चाक घड्याळाच्या दिशेने फिरतं, त्यामुळे उजवा हात भांड्याच्या आत आणि डावा बाहेर राहतो. बहुतेक परदेशी व्हिडिओंत चाक उलट फिरतं, तिथे डावा आत आणि उजवा बाहेर. दोन्ही बरोबर. चूक होते ती चाक एका दिशेने आणि हात दुसऱ्या पद्धतीचे, अशी सरमिसळ झाली की. तुमच्या चाकाला दिशा बदलायचा खटका असेल तर पाहा. कुंभारमामा येऊन शिकवणार असतील तर सगळ्यांना सुलट शिकवा. वर्गात एकच दिशा ठेवा आणि चाकाच्या पाटावर रंगाने बाण काढून ठेवा. डावखुऱ्या मुलांना त्यांची त्यांना निवडू द्या.

कुंभारमामांना बोलवाच, पण एका तासाच्या पाहुण्यासारखं नको. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकायची तरतूद आहे आणि तिथे सुतार, माळी यांच्यासोबत कुंभाराचं नाव घेतलेलं आहे. तुमचा वर्ग नववीचा असला तरी मुख्याध्यापकांपुढे तेच ठेवा. मामांचा दिवस बुडतो, त्याचा मोबदला आधी ठरवून द्या. शिक्षकांना स्वतः शिकायचं असेल तर खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला आहे. मिरजेहून लोंढ्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच ते स्टेशन लागतं. तिथे चौकशी करा.

भाजणी आव्यातच, म्हणजे कुंभाराच्या उघड्या भट्टीतच करा. मामांचा आवा संक्रांतीच्या सुगडांसाठी लागतो त्यात तुमची भांडी घालायला सांगा. म्हणजे माती जून-जुलैत तयार, पावसाळ्यात मळणं आणि वळ्यांचं काम, चाक दिवाळीच्या सुट्टीआधी-नंतर आणि डिसेंबरच्या मध्याला भांडी सुकून तयार. पावसाळ्यात चाकावरची भांडी करून ठेवू नका, दोन-दोन आठवडे सुकत नाहीत आणि बुरशी धरतात. कोरड्या दिवसांत ६ मि.मी. भिंतीचं भांडं सावलीत आठवड्यात सुकतं. पंख्याखाली मात्र ठेवायचं नाही, एका बाजूने सुकून वाकडं होतं.

आवा पाचट-गोवऱ्यांवर पेटतो आणि जाळ पटकन चढतो. मुलांच्या जाड बुडांना तेच सोसत नाही. म्हणून १२ मि.मी.हून जाड बूड असेल ते भांडं पाठवूच नका, आधी खरवडून पातळ करा. खरवडायची वेळ म्हणजे भांडं नखाने दाबलं तर खूण उठते पण आकार मोडत नाही तेव्हा. कडक सुकल्यावर खरवडलं तर टवके जातात. मुलांची भांडी मधल्या थरात, मोठ्या माठांच्या आत लावायला सांगा, तिथे जाळ थेट लागत नाही. तरीही काही फुटणारच, आणि शेजारच्या भांड्यालाही धक्का बसतो, तेव्हा मामांच्या नुकसानीचंही बोलून ठेवा. नाव पेनने लिहू नका, जळून जातं. ओलं असतानाच बुडाला हजेरी क्रमांक खिळ्याने कोरा.

भट्टी_सातारा

पुढे कधी विजेची भट्टी घ्यायची झाली तर एवढं लक्षात ठेवा. ३ किलोवॅटची लहान भट्टी २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर ओढते. तिला मीटरपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा खटका) आणि पक्कं अर्थिंग हवं. वर्गातल्या साध्या प्लगवर लावायची नाही. चाकांच्या लाईनवरही ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा खटका) बसवा, ओल्या हातांचं काम आहे.

भाजणी सुमारे दहा तासांची: पहिले तीन तास झाकण किंचित उघडं ठेवून १२० अंशांपर्यंत, मग ताशी १०० अंशांनी ६०० पर्यंत, मग ताशी १५० ने ९५० पर्यंत. १२० ते ६०० हा टप्पा घाईने उरकू नका. मातीत रासायनिक बांधलेलं पाणी याच पट्ट्यात निघतं आणि ५७३ अंशांना मातीतला क्वार्ट्झ, म्हणजे गारेचे कण, एकदम प्रसरण पावतो. निवतानाही तसंच, १०० च्या खाली आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. शाळेच्या वेळेत हे बसत नाही, त्यामुळे आपोआप चालणारा कंट्रोलर असलेलीच भट्टी घ्या.

कलाशिक्षक_तासगाव

भट्टीचा विचार दोन वर्षं तरी नाही, आवाच. एक शेवटचं: ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर, नसेल तर या भांड्यांचं मुलांनी काय करायचं? पाणी पाझरेल ना?

चाकवाली_सांगली

पाझरेलच, आणि त्याने काही बिघडत नाही. माठ गार राहतो तो पाझरतो म्हणूनच. रोपं लावायला, पणतीला, पेन ठेवायला वापरू द्या. ऑइल पेंट किंवा अ‍ॅक्रिलिकने रंगवलेलं भांडं खाण्यापिण्याला अजिबात वापरायचं नाही, एवढं पालकांना लिहून द्या. रंग हवाच असेल तर अर्धवट सुकलेल्या भांड्यावर गेरूचा पातळ घोल कापडाने लावा आणि पूर्ण सुकायच्या आत चमच्याच्या पाठीने घासा. भाजून छान तांबडी तुकतुकी येते.

आणि सर, हात-भांडी बेसिनमध्ये धुवू देऊ नका. तीन बादल्या ओळीने ठेवा, पहिलीत चिखल काढायचा, दुसरीत हात, तिसरीत स्वच्छ पाणी. रात्रभर गाळ बसला की वरचं पाणी झाडांना आणि खालची माती पिंपात. नाहीतर दुसऱ्या महिन्यात शाळेचा पाइप तुंबतो आणि मग चाकं अडगळीच्या खोलीत जातात.